पाहुणीचा श्वास

कोंबडी शिंकते, हे पुण्यातल्या फार थोड्या माणसांना ठाऊक असेल, आणि ज्यांना ठाऊक असेल त्यांनाही त्याचं फारसं काही वाटणार नाही. माणूस शिंकतो, मांजर शिंकतं, मग कोंबडीनंच काय घोडं मारलंय? पण विश्रांतवाडीतल्या एका सोसायटीच्या तिसऱ्या मजल्यावर, सोमवारी सकाळी पावणेआठच्या सुमाराला, रामदास गजभिये चहात खारी बुडवून बसले असताना बाल्कनीतून तो आवाज आला, आणि खारी विरघळून कपाच्या तळाशी गेली तरी त्यांना कळलं नाही. आवाज अगदी छोटा होता. ओल्या बोटांनी चुटकी वाजवावी तेवढा. त्यांचा मुलगा सौरभ ऑफिसची बॅग खांद्याला लावून चार्जर शोधत होता. सून तनुजा त्यांच्या नातीच्या, मैत्रीच्या, वेण्या घालत होती. आठ वर्षांची मैत्री मानेला हिसडे देत "दुखतंय ना गं" म्हणत होती. त्यांच्यापैकी कुणाच्याही कानावर तो आला नाही. गजभियांच्या आला, कारण असले आवाज ऐकण्यासाठीच सरकारनं त्यांना चौतीस वर्षं पगार दिला होता. पशुसंवर्धन खात्यात ते पशुधन पर्यवेक्षक होते. भंडाऱ्याकडून बदल्यांच्या मागं मागं निघाले ते शेवटी पुण्यात येऊन टेकले आणि इथंच निवृत्त झाले. निवृत्त माणसाचे कान मात्र निवृत्त होत नाहीत. त्यांनी कप खाली ठेवला आणि पुढच्या शिंकेची वाट पाहत बसले. ती येत नाही असं वाटून जरा हायसं वाटायला लागलं, तेवढ्यात ती आली.

पाहुणी हे त्या कोंबडीचं नाव. दीड वर्षापूर्वी मंडईबाहेर एक माणूस टोपलीत रंगवलेली पिल्लं घेऊन बसला होता, हिरवी, जांभळी, गुलाबी. मैत्रीनं गुलाबी पिल्लू उचललं ते खाली ठेवेचना. "दोन दिवसांची पाहुणी आहे ती, फार जीव लावू नकोस," तनुजा म्हणाली होती, आणि तिचं काही चुकलं नव्हतं. असली पिल्लं आठवडा काढत नाहीत. हे पिल्लू जगलं. गुलाबी रंग उडाला, खालून तांबूस पिसं आली, नाव तेवढं राहिलं. जगवलं ते गजभियांनीच, चपलांच्या खोक्यात बल्ब लावून, दर दोन तासांनी ड्रॉपरनं गुळाचं पाणी पाजून, आणि कुणी विचारलं तर "नातीसाठी हो" म्हणून. सोसायटीचे सेक्रेटरी दीनानाथ यांनी जिन्यात सूचना लावली होती, 'कोंबडी हा पाळीव प्राणी आहे की जेवण, याचा खुलासा संबंधितांनी लेखी करावा.' गजभियांनी तसा लेखी खुलासा केला होता. पाळीव. खाली पूर्ण नाव, हुद्दा, कंसात निवृत्त, आणि सही. ज्या हातानं ही सही केली त्या हाताकडे ते नंतर बराच वेळ बघत बसले होते, हे मात्र दीनानाथांना किंवा घरातल्या कुणाला ठाऊक नव्हतं.

खरं म्हणजे भीती त्या शिंकेच्या आधीच घरात शिरली होती. पंधरा दिवसांपूर्वी पेपरात, आतल्या पानावर, चार ओळींची बातमी होती: दुसऱ्या एका जिल्ह्यात बर्ड फ्लू, बाधित क्षेत्रातले पक्षी नष्ट करण्याचं काम सुरू. नष्ट हा शब्द वाचून गजभियांनी पेपराची घडी घातली, ती इतकी बारीक घातली की सौरभ म्हणाला, "बाबा, मला वाचायचा होता तो." त्याच दुपारी त्यांनी धानोरी रोडवरून जाड प्लास्टिक आणलं आणि बाल्कनी वरपासून खालपर्यंत बंद करून टाकली. कबुतरं नकोत, कावळे नकोत, कुठल्या पाखराचं पीस वाऱ्यानं आत यायला नको. मग ब्लीचिंग पावडर आणली. सकाळ-संध्याकाळ बादलीत कालवून बाल्कनीची फरशी पुसायची, आणि खुराड्याखाली थोडी कोरडी भुरभुरायची. हे कुणी सांगावं लागलं नाही, हाताला पाठ होतं. "बाबा, आपल्या घराला स्विमिंग पूलचा वास यायला लागलाय," तनुजा म्हणाली. ती हसत म्हणाली म्हणून तेही हसले. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तसा तो पंधरा दिवस त्यांच्या मागं मागं फिरत होता, आणि आज सकाळी बाल्कनीत शिंकला.

सगळे गेल्यावर ते तिच्याजवळ उकिडवे बसले. तुरा लाल होता. हे पहिलं बघायचं. तुरा निळा पडला, जांभळा पडला, की संपलं. पाय बघितले, नखांपाशी रक्ताचे ठिपके नव्हते. डोळा मात्र एक ओलसर होता, डावा, आणि नाकपुडीशी पाण्याचा एक बुडबुडा फुगत होता, फुटत होता, पुन्हा फुगत होता. दाणे टाकले तर तिनं खाल्ले. आजारी कोंबडी खात नाही, गजभिये स्वतःशी म्हणाले. आणि लगेच त्यांच्याच आतला दुसरा गजभिये, नोकरीतला, कोरड्या आवाजात म्हणाला की पहिल्या दिवशी खाते. तो दुसरा गजभिये नेहमी बरोबर असे. त्याला नियम पाठ होते. संशयित लक्षणं दिसताच नजीकच्या पशुवैद्यकीय संस्थेस तात्काळ कळवावे. तात्काळ म्हणजे आत्ता. कळवलं की गाडी येणार, माणसं येणार, नमुना भोपाळच्या प्रयोगशाळेत जाणार, आणि तिकडून वाईट उत्तर आलं तर कुणीतरी नकाशावर ही इमारत मध्ये धरून एक किलोमीटरचं वर्तुळ काढणार, आणि आतला एकेक पक्षी मारला जाणार. गजभियांनी अशी वर्तुळं काढली होती. कंपास नव्हता तेव्हा बशी ठेवून काढली होती. त्या वर्तुळात काय काय येईल हे नकाशा न बघताही त्यांना दिसत होतं, कारण स्वयंपाकघराच्या खिडकीतून ते रोजच दिसायचं: कंपाउंडच्या मागची वस्ती, पत्र्याची पन्नासेक घरं, आणि त्यांच्यामधून हिंडणाऱ्या गावरान कोंबड्या. त्यांतल्या अकरा चंपाबाईच्या. चंपाबाई म्हणजे त्यांच्याकडे धुणीभांडी करणारी बाई, सात वर्षांपासूनची. भंडाऱ्याहून कुणी आलं तर गजभिये तिच्याचकडून अंडी घ्यायचे.

दुपारी मैत्री शाळेतून आली ती दप्तरासकट बाल्कनीत. ते उठेपर्यंत तिनं पाहुणीला मांडीवर घेतलं होतं आणि आपलं नाक तिच्या चोचीला लावून ती तिच्याशी काहीतरी बोलत होती. "आजोबा, हिला सर्दी झालीय. विक्स लावू?" गजभिये ओरडले, "सोड तिला! काय करून राहिली तू?" पुण्यात इतकी वर्षं काढून त्यांनी घासून घासून स्वच्छ केलेली भाषा अशा वेळी हातातून निसटायची. मैत्रीचा चेहरा पडला. त्यांनी तिला मोरीत नेऊन हात कोपरापर्यंत धुतले, तोंड धुतलं, कपडे बदलायला लावले, आणि संध्याकाळपर्यंत तीनदा तिच्या कपाळाला हात लावून पाहिला. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "आजोबा, सर्दी पाहुणीला झालीय, मला नाही." कपाळ गार होतं. पण गजभियांना त्या गारपणाचा भरवसा वाटेना, आणि रात्री जेवताना ते सौरभला काही सांगू शकले नाहीत. सांगितलं तर सौरभ एका मिनिटात मोबाइलवर सगळं वाचून काढणार, कोंबडीला उद्याच्या उद्या घराबाहेर काढणार. त्यात काही चूक नव्हती. पोटच्या पोरीसाठी बापानं तेच केलं पाहिजे. आणि आजोबानं काय केलं पाहिजे? कोंबडी वाचावी म्हणून नातीला धोक्यात घालणारा माणूस आपण आहोत का, हे गजभियांनी स्वतःला विचारलं. उत्तर ऐकायची त्यांना भीती वाटली.

वीस वर्षं होत आली त्या गोष्टीला. खानदेशातलं एक गाव होतं, ऊन नुकतं तापायला लागलं होतं, आणि बर्ड फ्लू आला म्हणून राज्यभरातून खात्याची माणसं तिथं गोळा केली होती. पांढरे पोशाख, गॉगल, तोंडावर मास्क, हातात दोन-दोन मोजे. आत घाम असा साचायचा की बोटं सुजलेली वाटायची. मोठ्या शेडमधलं काम यंत्रासारखं चाले, पण गावातल्या घरोघरच्या कोंबड्या हातानंच माराव्या लागत. ती रीत कुठल्या परिपत्रकात नव्हती. एका हातात पाय, दुसऱ्या हातात मान, आणि मनगटाला एक उलटा हिसका. पहिल्या दिवशी गजभियांना ते जमेना, दुसऱ्या दिवशी जमलं, तिसऱ्या दिवशी ते दुसऱ्या कशाचा तरी विचार करत असताना हात आपला आपण करायला लागला. एरवी दर पौर्णिमेला विहारात बसून ते पंचशील म्हणत, आणि त्यातलं पहिलंच शील म्हणजे जीव घेणार नाही. त्या आठ दिवसांच्या कामानंतरची पौर्णिमा आली तेव्हा सगळ्यांच्या आवाजात आवाज मिसळून त्यांनी पहिल्या शीलाला नुसते ओठ हलवले, आणि मग तीच सवय पडली. बायको जवळच बसायची. तिला कळलं असावं. ती जाईपर्यंत तिनं कधी विचारलं नाही, एवढे तिचे उपकार. आणि कुणाला सांगायचं तरी काय? लोक म्हणाले असते, अहो कोंबड्याच तर होत्या, रविवारी आपण खातोच की. खातोच. गजभियांनी मात्र त्यानंतर खाल्ल्या नाहीत, आणि त्याचं कारण ते डॉक्टरनं सांगितलेलं कोलेस्टेरॉल असं देत.

त्या गावातली एक म्हातारी होती. तिच्या घरातल्या सगळ्या कोंबड्या मारून झाल्या होत्या, चुन्यानं दारावर खूण केली होती, सगळे पुढच्या घराकडे निघाले होते. गजभिये शेवटी होते. म्हातारी खाटेवर बसली होती, मांडीवर गोधडी, हात गोधडीवर. आणि गोधडीखाली कुणीतरी शिंकलं. ओल्या बोटांनी चुटकी वाजवावी तसं. पुढचे लोक बाहेर पडले होते, कुणी ऐकलं नव्हतं. गजभियांना पुढं जाता आलं असतं. एक पाऊल टाकलं की झालं असतं. ते वळले आणि त्यांनी गोधडी उचलली. खाली बांबूची पाटी होती, आणि पाटीत एक काळी कोंबडी. म्हातारी त्यांच्या पायाशी आली नाही की रडली नाही, ती समजावणीच्या सुरात म्हणाली, "तिले काहीच व्हयेल नही रे भाऊ. मना चुल्हाना धूर लागस तिले." चुलीचा धूर लागतो तिला, बाकी काही नाही. गजभियांना वाटलं, काय काय बहाणे काढतात ही माणसं. मग हातानं आपलं काम केलं. पुढं दहा दिवस एका शाळेत पथकातल्या सगळ्यांना वेगळं ठेवलं, गोळ्या दिल्या, रोज ताप बघितला. गजभियांना ताप आला नाही. प्रशस्तिपत्र आलं, ते अजून ट्रंकेत होतं.

मंगळवारी सकाळी पाहुणीच्या छातीत घरघर सुरू झाली. शिंक परवडली, शिंक येते आणि जाते, घरघर थांबत नाही. हुक्क्यात पाणी खदखदावं तशी ती प्रत्येक श्वासाला यायची, आणि श्वास सोडताना तिची शेपूट खालीवर व्हायची. गजभियांनी बाल्कनी पुन्हा पुसली, या वेळी पावडर जास्त घातली. डोळे चुरचुरले. त्यांनी फोन उचलला आणि आपल्या जुन्या कार्यालयाचा नंबर लावला, पलीकडे घंटी वाजली, आणि त्यांनी तो बंद केला. दहा मिनिटांनी पुन्हा लावला. या वेळी कुणीतरी "हॅलो, बोला" म्हणालं, आवाज तरुण होता, कंटाळलेला होता, आणि त्या कंटाळ्याला घाबरून गजभियांनी पुन्हा बंद केला. हा मुलगा नियमानं वागेल. आपण वागलो तसाच.  अख्ख्या आयुष्यात त्यांनी माहिती दडवणाऱ्या माणसांना दम दिला होता, अहो तुमच्यामुळं सगळ्यांचा जीव धोक्यात येतो, कळतं का. आणि आता तेच वाक्य त्यांच्याच आवाजात त्यांना ऐकू येत होतं.

अकराला चंपाबाई भांड्याला आली. नळाखाली वाकून ती कढई घासत होती, मागं गजभिये येऊन उभे राहिले, इतका वेळ की तीच म्हणाली, "काय पायजेल का साहेब?" त्यांनी दार ओढून घेतलं. घरात दुसरं कुणी नव्हतं तरी ओढून घेतलं. बाल्कनीचं ते काही बोलणार नव्हते. बोलायचं होतं ते एवढंच, की जे त्या म्हातारीला कुणी सांगितलं नाही ते या बाईला आपण वेळेवर सांगावं. ते म्हणाले, "चंपाबाई, तुमच्या कोंबड्या आहेत ना, त्या चार-आठ दिवस बाहेर सोडू नका. घरातच ठेवा."

"का वो?"

"का ते विचारू नका. आणि कुणी आलं, विचारलं, तर आमच्याकडे कोंबड्या नाहीत म्हणून सांगा."

चंपाबाईनं नळ बंद केला. "कोन येनाराय?"

"कुणी नाही. आलं तर म्हणतोय."

"सरकारचं मानूस?"

गजभियांनी ओढून घेतलेल्या दाराकडे पाहिलं. शहाण्याला शब्दाचा मार, आणि चंपाबाई शहाणी होती. ती एकदा त्यांच्याकडे बघून घेऊन म्हणाली, "तुम्ही त्या खात्यातलं. तुम्हाला आधी कळतंय," आणि पुन्हा कढईकडे वळली. ती गेल्यावर गजभियांना फार दिवसांनी बरं वाटलं. नियम मोडल्याचं बरं वाटलं. त्या दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या त्यांचा डोळा लागला, आणि स्वप्नात कुठलंही गाव आलं नाही.

बुधवारी सकाळी पाहुणी मान ताणून, चोच उघडी ठेवून उभी होती. प्रत्येक श्वास ती वरून कुठूनतरी ओढून आणत होती. मैत्री दारातून बघत होती, आत पाऊल टाकायचं नाही हे तिनं ऐकलं होतं. पण शाळेला जाणार नाही म्हणाली, आजोबा तिला डॉक्टरकडे नेणार असतील तरच जाईन म्हणाली. रडत नव्हती, अट घालत होती. "नेतो," गजभिये म्हणाले. सौरभनं जाता जाता विचारलं, "सिरिअस आहे का काही?" आणि ते म्हणाले, "छे. सर्दी." मग मिक्सरच्या खोक्याला भोकं पाडली, आत जुना टॉवेल अंथरला, स्वतः मास्क लावला आणि हातमोजे चढवले. खोकं घेऊन उतरताना आपण कसे दिसतो आहोत हे त्यांना जिन्यातल्या आरशात दिसलं. त्यांनी तिकडं बघायचं टाळलं. खाली कंपाउंडशी चंपाबाईचा नवरा नागोराव उभा होता. त्यानं खोकं बघितलं, मास्क बघितला, मोजे बघितले. "दवाखान्यात का साहेब?" त्यानं विचारलं. गजभियांनी नुसती मान हलवली आणि रिक्षात बसले. अकराला चंपाबाई कामाला येईल तेव्हा घराला कुलूप असेल, हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

सरकारी दवाखान्यात जाण्याचा प्रश्नच नव्हता. टिंगरेनगरला एका मुलीचा दवाखाना होता, डॉक्टर उत्कर्षा, कुत्र्यामांजरांची. पक्षीही बघते असं पाटीवर होतं. समोर एक लॅब्रेडॉर, दोन मांजरं, एक पोपट. गजभिये खोकं मांडीवर घेऊन सगळ्यांपासून लांब बसले. खोक्यातून घरघर येत होती आणि ती त्यांच्या मांडीला जाणवत होती. आपण या पोपटाला मारतो आहोत, असं त्यांच्या मनात आलं. या मुलीला, या कुत्र्याच्या मालकाला, मैत्रीला, सगळ्यांनाच. उठून जावं. पण पाय उठले नाहीत, आणि त्यांचा नंबर आला. नाव-पत्त्याच्या फॉर्मवर त्यांनी पत्ता लिहायला घेतला, सोसायटीचं नाव लिहिलं, आणि पुढं विश्रांतवाडी लिहायच्या जागी कात्रज लिहिलं. शहराचं दुसरं टोक. चौतीस वर्षांत त्यांनी सरकारी कागदावर एकही खोटी नोंद केली नव्हती, आणि हा तर सरकारी कागदही नव्हता.

डॉक्टरनं पाहुणीला दोन्ही हातांत नीट धरलं, तुरा बघितला, चोच उघडून टॉर्च मारला, छातीला स्टेथोस्कोप लावला. "खाते का?"

"कमी."

"घरात आणखी पक्षी?"

"एकटीच आहे."

"तीन दिवस झाले म्हणता. तुरा मस्त लाल आहे, सूज नाही, उभी आहे." तिनं स्टेथोस्कोप गळ्यात टाकला. "काका, तुमच्या मनात काय आहे ते मला कळलंय. मोजे घालून आलात. तसं काही असतं तर बहुतेक ही तुम्हाला आज इथपर्यंत आणताच आली नसती. ही राहते कुठं?"

गजभियांनी सांगितलं. प्लास्टिक सांगितलं. ब्लीचिंग पावडर सांगितली, दोनदा, आणि खुराड्याखाली कोरडी. डॉक्टरनं टॉर्च खिशात ठेवला. "म्हणजे बाल्कनी पॅक, हवा नाही, खाली विष्ठा आणि तिच्यावर ब्लीच. तुम्ही स्वतः अर्धा तास बसून बघा त्या बाल्कनीत. नंतर या, तुमचा पण एक्स-रे काढू." मग तिचा आवाज जरा खाली आला. "विष्ठेत अमोनिया असतो काका. ब्लीच पडलं की जो वायू होतो तो फुफ्फुसं जाळतो. कोंबडीचा श्वास फार नाजूक असतो. तिला तुमच्या औषधाची वाफ लागलीय, मला तरी तेच वाटतं. स्वॅब घेते, पाठवते, परवा कळेल. तोपर्यंत मुलांना लांब ठेवा. प्लास्टिक आजच काढा."

गजभिये टेबलाची कड धरून उभे होते. धूर लागतो तिला, बाकी काही नाही. वीस वर्षांत हे वाक्य त्यांना हजारदा आठवलं असेल, पण ते खरं असू शकेल असं एकदाही मनात आलं नव्हतं. काळी कोंबडी, चुलीजवळची पाटी, बंद खोली, लाकडांचा धूर. म्हातारी बहाणा करत नव्हती. ती एका जाणत्या माणसाला आपल्या कोंबडीचा आजार सांगत होती. डॉक्टर म्हणाली, "काका, बसा, पाणी देऊ का?" त्यांना पाणी नको होतं. त्यांनी तिच्या हातून फॉर्म परत मागितला, कात्रज खोडलं, विश्रांतवाडी लिहिलं, आणि त्यांना रडू आलं. "अहो काका, बरी होईल ती," डॉक्टर म्हणाली. ती कोंबडीबद्दल बोलत होती, आणि ते चालण्यासारखं होतं.

दवाखान्यातल्या मोकळ्या हवेनं असो, डॉक्टरनं नाकातला शेंबूड काढल्यानं असो की चोचीत घातलेल्या थेंबांनी असो, परतीच्या रिक्षात घरघर निम्म्यावर आली. मध्येच पाहुणीनं भोकातून चोच बाहेर काढली. गजभियांनी मास्क काढला, मोजे काढले. रस्ता, दुकानं, सिग्नलला थांबलेली माणसं, सगळं त्यांना धुतल्यासारखं दिसत होतं. घरी जाऊन पहिल्यांदा प्लास्टिक फाडायचं. आणि त्याच्याही आधी चंपाबाईला सांगायचं की घाबरू नका, सोडा तुमच्या कोंबड्या. उगाच तिच्या जिवाला घोर. रिक्षा त्यांनी सोसायटीच्या दाराशी न थांबवता मागच्या बोळाच्या तोंडाशी थांबवली.

वास आधी आला. कांदा-खोबरं भाजल्याचा, गरम मसाल्याचा, आणि त्याच्या खाली पिसं भाजल्याचा. हा खालचा वास त्यांनी कुठंही ओळखला असता. बुधवारची दुपार होती, सणवार काही नव्हता, आणि घरोघरी पातेली चढली होती. गटारात पिसं साचून पाणी तुंबलं होतं, तांबडी, काळी, ठिपक्यांची. नागोराव सार्वजनिक नळावर बसून सुरी धूत होता. "या साहेब, या," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात कौतुक होतं.

चंपाबाई दारात आली. "आज आले न्हाई कामाला, राग मानू नका. सकाळधरनं हेच चाललंय."

"काय केलंत तुम्ही?"

"तुम्हीच म्हनला न्हवं, सरकारचं लोक येनार. मी सगळ्यांस्नी सांगितलं. पयलं कुनी आयकंना. मग ह्यांनी सांगितलं, साहेब सोता तोंड बांधून कोंबडी घिऊन गेलं. मग काय, पटापटा उरकलं. खड्ड्यात घालन्यापरास पोटात गेलेल्या बऱ्या." तिनं दाराच्या चौकटीला हात टेकला. "पांढरी तेवढी ठिवावी म्हनलं होतं. पन ती लई वरडती. लपवनार कुठं तिला?"

गजभिये तिच्या हातांकडे बघत होते. मनगटाला एक ओलं पीस चिकटलं होतं, अंगठ्याला सुरीची ताजी चीर होती. उघड्या हातांनी आजारी कोंबडी कापू नका, पिसं उघड्यावर टाकू नका, हे त्यांनी चौतीस वर्षं गावोगाव जाऊन सांगितलं होतं. आणि आज एक अख्खी वस्ती त्यांच्या दोन वाक्यांवर उघड्या हातांनी कोंबड्या कापायला बसली होती. हुकूम नव्हता, वर्तुळ नव्हतं, पांढरे पोशाख नव्हते, तरी एकही कोंबडी उरली नव्हती. त्यांना इतकी भीती वाटली की खोकं हातातून सुटेल असं वाटून त्यांनी ते छातीशी धरलं.

चंपाबाई आत जाऊन स्टीलचा डबा घेऊन आली. झाकणाला रुमाल बांधला होता, रुमालातूनही हाताला चटका बसत होता. "तुमच्यासाठी काढून ठिवलं होतं. पोरीसाठी तिखट कमी घातलंय." आणि मग, "तुमच्या कोंबडीला काय म्हनली डॉक्टर?"

नागोरावनं मान वर केली. शेजारच्या दारातून दोन बायका बाहेर आल्या, एकीच्या हातात पळी तशीच होती. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते. तिला काही झालेलं नाही म्हणावं, तर या पन्नास घरांनी आपल्या कोंबड्या उगाच मारल्या. ते सांगण्याची छाती गजभियांना नव्हती. सांगता येत नाही, परवा कळेल म्हणावं, तर घास घेतलेली ही माणसं, ही पोरं, दोन रात्री कशी काढणार? खरं दोन्हींच्या मध्ये कुठंतरी होतं आणि ते बोलायला त्यांच्या तोंडात शब्द नव्हता. ते तसेच उभे राहिले, एका हातात डबा, एका हातात खोकं.

खोक्यात पाहुणी हलली. आणि तीन दिवसांत पहिल्यांदा ती तोंड भरून ओरडली, मोठ्यानं, एकदा आणि मग लागोपाठ दोनदा, भुकेल्या कोंबडीनं ओरडावं तशी. बोळात दुसरा कुठलाच आवाज नव्हता.

चंपाबाई वाकली. खोक्याच्या भोकाला डोळा लावून तिनं आत बघितलं, बराच वेळ बघितलं. उठली तेव्हा ती गजभियांकडे बघत नव्हती.

"बरी हाय की ही," ती म्हणाली.

"चंपाबाई," गजभिये म्हणाले.

पळी घेतलेली बाई आत गेली. नागोरावनं नळ बंद केला. चंपाबाईनं मनगटावरचं पीस काढलं, पदराला हात पुसला. तिनं शिवी दिली असती तर गजभियांनी ती घेतली असती, डोळे मिटून घेतली असती.

"बरं झालं," ती म्हणाली. "पोरगी लई रडली असती. जावा साहेब, गरम हाय तवर खाऊन घ्या."